बावीस दाते

रोसामेल बार्रिया आला तेव्हा
दुकानात मी एकटीच, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये.
सायकल त्याने भिंतीला टेकवली नाही, धरून उभा राहिला,
लगाम सोडला तर खाली बसेल
अशा म्हाताऱ्या घोडीला धरावं तसा.
मागे लाकडी पेटीत धारेचा दगड,
दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढे तंबू, किटली,
आणि मुठीला बांधलेली बासरी,
जी वाजली की कोयाइकेच्या गल्ल्यांतून
बायका सुऱ्या घेऊन दारात येतात.

"उत्तरेला निघालोय. केउलातच्या घाटावरून पुयुवापीला.
तिकडे सगळ्यांच्या कात्र्या बोथट झाल्यात म्हणे.
ब्रेक तेवढे बघून दे."

ब्रेक बघितले.
मग पुढची चकती बघितली. ताटाएवढी. बावन्न दाते,
आणि तिच्या मागे लपलेली धाकटी, बेचाळीसची.

"ही कधीची?"
"अठ्ठ्याऐंशीची. हिच्यावर तिसरा आलो होतो शर्यतीत."
"तेव्हा मागे दगड होता?"

तो बासरीच्या दोरीशी चाळा करत राहिला.

वडिलांचा लोकरीचा काटा अजून छताला आहे.
त्याच्या आकड्याला एकेक टांगत गेले:
दगड पेटीसकट एकोणीस, पिशव्या चौदा,
तंबू-किटली सहा.
एकोणचाळीस किलो.
"आणि तू?"
"मला नको टांगू."

खडूने फरशीवर रेघ ओढली.
हे बघ, तुझा सगळ्यात हलका गिअर:
पॅडलची एक फेरी, की सायकल दारापासून शेगडीपर्यंत.
सव्वातीन मीटर. एवढं सगळं ओझं, एका पायाच्या जोरावर, चढावर.
तिथेच तुझं घोडं पेंड खाणार.
आता ही बघ. पुढे बावीस, मागे चौतीस.
फेरीला माझी दोन पावलं. बस.

"मुंगी पुढे जाईल माझ्या."
जाऊ दे. मुंगीच्या गुडघ्याला काही होत नाही.

अरे, सकाळी, सपाटीवर, कोणीही गिअर निवडतो.
दुपारचे चार वाजलेत,
वारा छातीवर, पोटात नुसता पाव,
गिट्टी चाकाखालून निसटतेय,
आणि वळणामागे पुन्हा वळणच:
त्या माणसासाठी निवड.
तो तूच असशील,
पण फोटोतला नाही.
दातओठ खाऊन किती चढशील?
ओझं बघून दाते मोजावेत.

"आणि उतारावर? पाय नुसते गरगरतील."
उतारावर तुला दगड ढकलेल.
पाय थांबव. आधी ब्रेकच मागत होतास ना, ते धर.

एका डोंगरी सायकलीचा जुना क्रँक पडून होता.
मागची फिरकी बदलली, साखळी नवी तोडून जोडली,
दोनदा चुकले, एक कडी कमी पडली, शिव्या घातल्या.
बावन्नची चकती त्याने शर्टाला पुसली,
पिशवीत घालू लागला.
मी ती हातातून घेतली, काट्याला लावली.
लोकरीचा काटा, हललासुद्धा नाही.
मग मीही काही बोलले नाही.

मार्चच्या शेवटी परत आला,
काळवंडलेला, कानाची सालं निघालेली.
"कसा होता घाट?"
"ठीक. लोक उगाच बाऊ करतात.
तुझा तो बारका गिअर लागलाच नाही फारसा."

सायकल उलटी केली, साखळी साफ करायला.
फिरकीवरची धाकटी दातेरी चकती
खोक्यातून काढली तशीच काळी, कोरी.
आणि थोरली, चौतीसची,
घासून घासून चांदीसारखी पांढरी,
दात्या-दात्यावर उजेड.

मी चिंधीने ती जरा जास्तच वेळ पुसली.
मग खणातली मोठी कात्री काढून त्याला दिली.
"धार लावून दे," म्हटलं.
त्याने बासरी न वाजवताच
दगड फिरवायला घेतला.